दोन विटा

मला ज्यांनी वाचवलं ते धुळ्याकडचे होते, साक्री तालुक्यातले. खाणीत सगळे त्यांना नाना म्हणत, मीही तेच म्हणायचो. ही गोष्ट मी घरी सांगितली, गावात पारावर सांगितली, एकदा रेल्वेत शेजारच्या माणसालाही सांगितली. ऐकणारा आगीबद्दलच विचारतो. किती मोठी होती, धूर किती आला, किती मेले. कोणी मेलं नाही, असं म्हटलं की त्याचं लक्ष खिडकीबाहेर जातं आणि नाना सांगायचे राहून जातात. म्हणून आधी त्यांचं लिहितो. काय झालं ते मागून.

नाना कोळशाच्या खाणीत सरदार होते. सरदार म्हणजे कोणी मोठा साहेब नव्हे. पाळीची माणसं आत जाण्याआधी जो एकटा आत जातो, काठीनं छत ठोकून बघतो, कुठं वायू साचलाय का ते बघतो, तो सरदार. एका हातात जाळीचा बंद दिवा, दुसऱ्यात काठी, खिशात खडू. जी जागा बघून झाली तिथं कोळशाच्या भिंतीवर खडूनं तारीख आणि सही करायची. नानांची सही म्हणजे एक वेलांटी आणि एक आडवी रेघ, बस. पण ती वेलांटी दिसली की माझ्या छातीतला धडधडाट अर्धा व्हायचा. नाना इथून गेलेत, म्हणजे इथं उभं राहायला हरकत नाही. इतकं सोपं होतं ते.

मी बोदवडजवळचा. सातवीनंतर शाळा सुटली. सुटली म्हणतो, पण खरं म्हणजे परीक्षेच्या भीतीनं मीच गेलो नाही आणि घरात कोणी फार ओढाताण केली नाही. वडील बोदवडला कापसाच्या जिनमध्ये हमाली करत, मीही तिथंच लागलो. माझ्याकडे सरकीचा ढीग होता. जिनमध्ये कापूस आणि सरकी वेगळी झाली की सरकीचे मोठे ढीग लागतात. माल जरासा ओला आला तर ढीग आतून तापतो. वरून हात लावला तर गार, आणि आत भाकरीचा तवा. तसाच राहू दिला तर काडी न लावता पेट घेतो. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ ढिगात कोपरापर्यंत हात खुपसून बघायचं. मनात दहा मोजेपर्यंत हात आत ठेवता आला नाही की ओरडायचं, "ढीग तापला! फोडा!" मग चार-पाच जण फावडी घेऊन येत, ढीग फोडून अंगणभर पसरत, वारा लागला की सरकी निवायची. दिवाणजी एकदा म्हणाले होते, "या पोराचा हात म्हणजे थर्मामीटर आहे." आयुष्यात कोणी माझं केलेलं तेवढं एकच कौतुक. ते मी जपून ठेवलं होतं, हेच पुढं नडलं.

जिनचा हंगाम संपला की घरी बसणं यायचं. माझे दाजी, मोठ्या बहिणीचे मालक, चांद्याकडं कोळशाच्या खाणीत होते. त्यांनी बोलावून घेतलं. बोदवडहून पॅसेंजरनं वर्धा, तिथून पुढची गाडी. ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि त्याआधी माझं सगळ्यात लांबचं गाव म्हणजे जळगाव. बदली कामगार म्हणून नाव लागलं. बदलीवाल्याला कायम व्हायचं असेल तर ठरलेले दिवस बिनतक्रार भरावे लागत. बहिणीच्या क्वार्टरमध्ये, स्वयंपाकघराच्या दाराशी मी अंथरूण टाकायचो. तिची दोन पोरं माझ्या अंगावरून उड्या मारत पाणी प्यायला जात. कायम झालो असतो तर मला स्वतःची खोली मिळाली असती. मला तेव्हा दुसरं काही नको होतं.

खाण उतरणीची होती. बोगद्यातून चालत खाली जायचं. तोंडाशी झडती व्हायची. बिडी, माचिस काहीही आत न्यायचं नाही. मी बिडी ओढतच नव्हतो, तरी झडतीआधी तीन-तीनदा खिसे चाचपायचो. दुसऱ्या कोणी माझ्या खिशात माचिस टाकली असेल तर? असली भीती मला आजही वाटते. माझं काम पांढऱ्या भुकटीचं. कोळशाची बारीक धूळ हवेत उडाली आणि तिला ठिणगी लागली की अख्खा बोगदा तोफेसारखा उडतो. म्हणून दगडाची पांढरी भुकटी घमेल्यात घ्यायची आणि जमिनीवर, भिंतींवर, छतावर हातानं मारत जायचं, म्हणजे कोळशाची धूळ तिच्याखाली दबते. पाळी सुटेपर्यंत आम्ही डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. टोळीतले चांद्याचे लोक माझी टर उडवत.

"काय बे केळीवाले, पावडर लावून पिक्चरले चालला का?"

"केळीवाले नाही, कापूसवाले," मी म्हणायचो.

"एकच हाय ना बे! दोन्ही मऊच!"

नाना मात्र पहिल्याच दिवशी माझं बोलणं ऐकून थांबले होते. "खानदेशना शे का तू? कोठला?" बोदवड सांगितलं तर म्हणाले, "बस, मग आपलाच." माझी बोली तावडी आणि त्यांची अहिराणी, पण तिथं चारशे किलोमीटरवर ती एकच वाटायची. दुपारी डबा खाताना ते मला हाक मारत आणि स्वतःच्या डब्यातला मिरचीचा ठेचा माझ्या भाकरीवर ठेवत. तोंड पोळायचं, पण मी नाही म्हणायचो नाही.

आता तो दिवस. आमच्या भागात एका बाजूला जुनं काम होतं. तिथला कोळसा काढून झालेला, छत पाडून टाकलेलं, आणि तोंडं विटांच्या भिंती घालून, वरून मातीचं लिंपण करून बंद केलेली. आत जो कोळशाचा चुरा राहतो तो वाऱ्यानं आपोआप तापतो, पेटतो. वारा मिळाला नाही तर गुदमरून विझतो. म्हणून ती भिंत. हे मला आज माहीत आहे. तेव्हा दिवे वाटायच्या खोलीबाहेर उभं करून आम्हा नव्या लोकांना एकानं हिंदीतून कागद वाचून दाखवला होता. त्यात होतं, दीवार को हाथ नहीं लगाना. मी ऐकलं होतं. कोणी सांगितलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण मला वाटलं, घरी भिंत नवी सारवली की आई ओरडते, ओलीये, हात नका लावू, तसंच काहीतरी. लिंपण खराब होईल म्हणून सांगतात. मी मान हलवली होती.

भुकटी मारत मारत मी टोळीच्या पुढं, एकटाच त्या भिंतीपाशी पोचलो. भिंतीला घाम फुटला होता. लिंपणावर पाण्याचे मणी, आणि वास. रॉकेलसारखा, पण गोडसर. मी घमेलं खाली ठेवलं. तो वास मला ओळखीचा होता, अगदी तोच नव्हे, पण त्याचा भाऊ. जिनच्या अंगणात पहाटे यायचा तसा. भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात एक फट पडली होती. मी तिथं हात ठेवला. ऊन वाफ लागली. मनात दहा मोजायला लागलो, सहालाच हात काढला.

मला भीती वाटली नाही. हे लिहायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. एवढ्या मोठ्या खाणीत, एवढ्या शिकलेल्या लोकांत, जे कोणाला कळलं नाही ते मला कळलं होतं. ढीग तापलाय. आणि तापलेल्या ढिगाचं काय करायचं ते माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार! त्याला वारा द्यायचा. कोपऱ्यातल्या विटा फटीमुळं हलत्या झाल्या होत्या. मी फावड्याचं टोक घातलं. एक वीट निघाली, दुसरी निघाली. गरम हवेचा एक झोत बाहेर आला आणि मग, मला अजून आठवतं, थांबला. मग उलटा झाला. माझ्या पायाजवळची पांढरी भुकटी हळूहळू त्या भोकाकडं सरकायला लागली, आत ओढली जायला लागली. मी तिसऱ्या विटेला हात घातला.

"हात काढ रे पोऱ्या."

नाना मागं उभे होते. त्यांचा आवाज मोठा नव्हता. "पहिले हात काढ. फावडं ठेव, आपटू नको. हळू ठेव."

मी फावडं ठेवलं. म्हटलं, "नाना, ढीग तापलाय. वारा देतोय."

नानांनी आधी भोकाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तठे सरकी शे का रे? कोळसा शे. भिंतना मझार आग शे. तू तिले जेवाले दी ऱ्हायना."

एवढं बोलून ते गुडघ्यावर बसले. मी काढलेल्या विटा भोकात परत घातल्या, गळ्यातला गमछा काढून सांदीत कोंबला. मला म्हणाले, "माती." भिंतीच्या कडेला लिंपणाची माती भरलेलं टोपलं कायम ठेवलेलं असायचं. ते कशाला ठेवलेलं असतं याचा मी कधी विचारच केला नव्हता. माझ्या बाटलीतलं पाणी त्यात ओतलं, मळली, आणि दोघं हातानं थापायला लागलो. मी इतक्या घाईनं थापत होतो की माती भिंतीवर कमी आणि नानांच्या पायावर जास्त पडत होती.

मग नानांनी दिवा उचलला. वात बारीक केली आणि सावकाश, अगदी नवरीला ओवाळावं तसं, छताकडं नेला. "देख." ज्योतीवर एक फिकट निळी टोपी चढली होती. ती वायूची खूण. त्यांनी दिवा तितक्याच सावकाश खाली आणला.

"जाय. बठ्ठासले बाहेर काढ. पुढला भागमा बी लोके शेतस, त्यासले बी. पळानं नही. चालानं. पळशी तं लोके बी पळतीन, पडतीन."

"तुम्ही?"

"मी लिंपस. जाय."

त्या दिवशी त्या भागात तीस-पस्तीस माणसं असतील. टोळीवाल्यांना सांगितलं, बाहेर चला, नानांनी सांगितलंय. नानांचं नाव काढल्यावर कोणी प्रश्न केला नाही. मला केळीवाला म्हणणारा चांद्याचा माणूस माझ्याशेजारून चालत होता आणि दर दहा पावलांवर विचारत होता, "काय झालं बे? सांग ना बे, काय झालं?" मी चालत होतो. धावू नकोस, धावू नकोस, असं पायांना सांगत होतो. चढण संपतच नव्हती. मला फक्त एवढंच कळत होतं की मागं एक माणूस माझ्या दोन विटांपाशी एकटा बसलाय.

वर ऊन होतं. मोजणी झाली. सगळे आले, एक सोडून. साहेब लोक धावत आले, फोन झाले. मी बोगद्याच्या तोंडाकडं बघत उभा होतो. आत काळोख, मग त्या काळोखात एक पिवळा ठिपका, हलणारा. नाना चालत वर आले. मातीनं कोपरापर्यंत बरबटलेले, गळा उघडा, गमछा नाही. मोठ्या साहेबांपाशी गेले आणि पहिलं वाक्य बोलले, "फट बंद केलीये, पण ती टिकायची नाही. दुसरी भिंत घाला." साहेबांशी ते असं बोलत, शुद्ध.

पुढच्या काही दिवसांत बाहेरून पथक आलं. त्या भिंतीपुढं दुसरी भिंत बांधली आणि मधल्या जागेत वाळू भरली. तो भाग बरेच दिवस बंद ठेवला. आतली आग हवेविना मेली, असं नंतर सांगितलं. इतकंच. म्हणून म्हटलं, ऐकणाऱ्याचं मन उडतं.

माझी खरी भीती मात्र त्याच संध्याकाळी सुरू झाली. सरदारानं पाळीचा अहवाल वहीत लिहायचा असतो, आणि ती वही दुसऱ्या दिवशी साहेबांपुढं जाणार होती. दाजी क्वार्टरच्या ओट्यावर डोकं धरून बसले होते. "भिंत फोडली म्हणजे बदलीवाल्याले ठेवतीन का? मलेही विचारतीन, कोणाले आनलं. तू नानाकडं जा. पाय धर. विटा आपोआप पडल्या, एवढं लिहा म्हना. तुह्या मुलखाचा हाये, आयकीन."

मी गेलो. नाना चुलीपाशी बसून भाकरी खात होते, बायको-पोरं गावाकडं, एकटेच राहत. मला ताट पुढं सरकवलं. मी भाकरीचा तुकडा मोडून ताटातच ठेवला. शेवटी बोललो. विटा आपोआप पडल्या असं लिहाल का?

त्यांनी घास खाऊन संपवला. "लिही देतू. पन उद्या तठे कोन जाई? दुसरा सरदार. तो वाचीन, विटा आपोआप पडन्यात. तो समजीन, जिमीन दाबी ऱ्हायनी, भिंत कच्ची शे. तो भिंतले ठोकीन. जे व्हयनं नही ते लिहं, तं त्यानावर कोनाना तरी जीव जास." मग हात धुतले. "वही साहेबसाठी नही ऱ्हास रे. मांगून येनारासाठी ऱ्हास."

मी रडलो, हे सांगायला हरकत नाही. त्यांनी रडू दिलं. मग चष्मा लावून माझ्यासमोरच वही लिहिली आणि मला वाचायला दिली. सातवीपर्यंतचं वाचन, मी बोट ठेवून वाचलं. पांढऱ्या भुकटीच्या कामावरील नव्या माणसानं दोन विटा काढल्या, असं होतं. त्याखाली होतं, भिंत तापल्याचं प्रथम त्याच माणसाच्या लक्षात आलं. आणि त्याखाली, या माणसाला बंद भिंतीचा अर्थ त्याला समजेल असा सांगणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. नवा माणूस भिंतीपाशी एकटा जाणार नाही हे बघणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. मग सही. वेलांटी आणि आडवी रेघ.

"नाना, हे शेवटचं कशाला?"

"खरं शे म्हनीसन."

चौकशीत मला समज मिळाली, आणि भुकटीवरच ठेवलं. नानांचं सरदारकीचं सर्टिफिकेट सहा महिने थांबवलं. तेवीस वर्षं ज्यांनी खाणीत सगळ्यांच्या आधी पाऊल टाकलं, त्यांना वर दिव्यांच्या खोलीत बसवलं, खिडकीतून दिवे वाटायला. रोज मी रांगेत त्या खिडकीपाशी पोचायचो. नाना दिवा पुढं करायचे आणि म्हणायचे, "खिसा देख." बाकी काही नाही. रागही नाही. राग असता तर बरं झालं असतं. चार महिन्यांनी त्यांनी राजीनामा लिहिला आणि गावी गेले. जाताना मी स्टेशनवर गेलो नाही. दिवसाची पाळी होती, पण सुट्टी मागता आली असती. मागितली नाही.

मी कायम झालो. खोली मिळाली. भिंती पांढऱ्या होत्या, आणि मी कित्येक दिवस त्यांना हात लावून बघायचो.

पुढं चार-पाच वर्षांनी, सुट्टीत बोदवडला आलो तेव्हा मनाचा हिय्या करून निघालो. जळगावची एसटी, नशिराबादपाशी तासभर बंद पडलेली, मग धुळं, मग साक्री, मग तीन कोस पायी. नाना शेतात भुईमूग उपटत होते. वाळले होते. मला ओळखायला वेळ लागला नाही. "पावडरवाला!" असं ओरडले आणि हसले. विहिरीपाशी हातपाय धुवायला नेलं. विहिरीत उतरण्याआधी त्यांनी बंडीचा खिसा चाचपला, नुसता, सवयीनं. मीही तेच करत होतो. दोघांनी एकमेकांना बघितलं.

घरी त्यांच्या बायकोनं, मी अक्का म्हटलं त्यांना, पाटावर बसवलं. नाना बैल बांधायला गेल्यावर त्या जवळ आल्या. आवाज खाली करून म्हणाल्या, "भाऊ, तू तठलाच शे ना? खरं सांग. यासनी काय चूक करी व्हती? गावमा लोके म्हनतस, कामवर झोपेल व्हतात, म्हनीसन काढी दिधं. मी इचारं तं म्हनतस, थकी गऊ. व्याहीबी एक डाव तसंच बोलना. माले खाली देखनं पडनं."

मी तोंड उघडलं. सांगणारच होतो. पण एवढ्यात नाना आत आले आणि त्यांना सगळं कळलं, माझ्या तोंडावरूनच. "तू चहा ठेव वं," ते म्हणाले, "पोऱ्या लांबथीन येल शे." अक्का उठल्या. मी चहा प्यायलो. गोड होता, गुळाचा. निघताना नानांनी शेंगांची पिशवी दिली आणि मी ती घेतली. बोलायला आलेला माणूस शेंगा घेऊन परत गेला.

धुळ्यापर्यंत मी त्या पिशवीला हात लावला नाही.

तेव्हापासून मी अभ्यासाला बसतो. वायू तपासण्याची परीक्षा पास झालो, दिव्यावरची निळी टोपी आता मला लगेच दिसते. सरदारकीच्या परीक्षेत एकदा तोंडी प्रश्नांत घसरलो. समोर तीन साहेब होते. त्यातला एक प्रश्न होता, बंद भिंत तापलेली दिसली तर काय कराल? सगळ्या खाणीत मला जेवढं त्याचं उत्तर येतं तेवढं कोणाला येत नसेल, आणि मी गप्प बसलो होतो. साक्रीला बसलो तसाच.

परत बसणार आहे. भीती वाटतेच, ती जाईल असं काही वाटत नाही. पण नाना, हे तुम्हाला कोणी वाचून दाखवलं तर ऐका. ते सर्टिफिकेट हातात पडलं की मी बहिणीकडंही जाणार नाही, आईकडंही नाही. आधी साक्रीची गाडी धरीन आणि कागद तुमच्या हातात ठेवीन, माझ्यापायी तुमच्या हातातून तोच गेला होता. तुम्ही अक्कांना चहा ठेवायला सांगाल, मला माहीत आहे. त्यांना चुलीपाशी जाऊ देणार नाही. तुमच्यासमोर बसवीन आणि सांगेन की नाना झोपले नव्हते. त्या दिवशी त्या खाणीत तेच एकटे जागे होते. विटा मी काढल्या.